एअर पिस्तूल: पैसा कुठे घालायचा, कुठे अडवायचा

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर तालुक्याच्या गावांतही एअर पिस्तूलची चौकशी वाढली, आणि चौकशी करणाऱ्यांत दोन तट पडले. मनू भाकरची दोन कांस्यपदकं पाहून एक जण म्हणतो, परदेशी पिस्तूल घेतल्याशिवाय काही होत नाही. दुसऱ्याला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच आठवतो: साधा चष्मा, एक हात खिशात आणि मिश्र सांघिकमध्ये रौप्य. म्हणजे सामान लागतच नाही म्हणे!

दोघांचंही अर्धंच खरं आहे. डिकेचच्या हातातलं पिस्तूल पक्कं स्पर्धेचं होतं आणि ते त्याचं पाचवं ऑलिम्पिक होतं. नव्हती ती फक्त नेमबाजांची डोळ्यावरची खास भिंगं आणि झापडं. मोकळा हात खिशात घालणं ही तर बहुतेक पिस्तूल नेमबाजांची सवय, तो हात हलू नये म्हणून. त्यातून घेण्यासारखं एवढंच: जे सामान हाताला चिकटतं, म्हणजे ग्रिप (मूठ), ट्रिगर आणि छर्रा, तिथे पैसा आणि वेळ घाला. जे फोटोत दिसतं ते मागून घ्या.

पहिले दोन महिने

कापसाचे चुकारे हातात आले की पिस्तूल घ्यायची घाई होते. थांबा. स्पर्धेच्या पिस्तुलाचं वजन साधारण ९०० ग्रॅम ते एक किलो असतं. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली तेवढीच भरते. मान ताठ, पाय खांद्याएवढ्या अंतरावर, हात सरळ, आणि बाटली डोळ्यासमोर १५ सेकंद धरा. मग ४५ सेकंद खाली. असे २० वेळा, आठवड्यातून पाच दिवस. दहाव्या वेळेनंतर खांदा वर चढायला लागला तर तिथेच थांबा, कारण चढलेल्या खांद्याची सवय नंतर मोडताना जीव जातो.

याच काळात जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपूरला एखाद्या क्लबात जाऊन तिथली पिस्तुलं हाताळा. तुमच्या हाताला ग्रिप लहान लागते, मध्यम की मोठी, हे कळल्याशिवाय खरेदी करू नका. बाजारात काही हजारांत मिळणारं, नळी मोडून भरायचं स्प्रिंगचं पिस्तूल घेऊन 'सराव तर होईल' म्हणणारे बरेच आहेत. त्या पिस्तुलाचा स्प्रिंग सुटताना छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच हात हलतो, ट्रिगर जड असतो, आणि रिकामं चालवलं तर आतली सील खराब होते. तेवढ्या पैशात छर्रे घेतलेले बरे.

कायद्याचं थोडक्यात: ४.५ मिलिमीटर नळीचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल भारतात परवान्याशिवाय घेता येतं. स्पर्धेचं पिस्तूल पाच-सहा ज्यूलचंच असतं. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्या. बिलाची प्रत पेटीतच ठेवा, एसटीत किंवा नाक्यावर कोणी विचारलं तर दाखवायला. गावातल्या पोलीस पाटलांच्या कानावर एकदा घालून ठेवा. पॉइंट टू टू चं, म्हणजे काडतुसाचं, पिस्तूल ही वेगळी गोष्ट, त्याला शस्त्र परवाना लागतोच. आणि पोरं 'तितर मारू' म्हणतीलच, तर पहिल्याच दिवशी सांगा की वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

जागा

नेम धरण्याची रेषा ते टार्गेटचा कागद हे अंतर बरोबर १० मीटर, कमीजास्त पाच सेंटिमीटर चालतं. नेमबाजाच्या मागे दीड मीटर आणि टार्गेटमागे एक मीटर धरलं तर साडेबारा मीटर, म्हणजे ४१-४२ फूट लांबी लागते. एका माणसाला एक मीटर रुंदी पुरते. सोयाबीन निघून गेल्यावर रिकामं झालेलं गोदाम किंवा गुरं काढलेला लांब कोठा यासाठी चांगला. टार्गेटचा मध्य तुम्ही उभे आहात त्या जमिनीपासून १४० सेंटिमीटर उंच हवा. कोठ्याच्या जमिनीला उतार असतो, म्हणून उंची टार्गेटखालून मोजू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल काढतात तशी, उभं राहायच्या जागेवरून काढा.

छर्रा अडवायला सरळ उभं लोखंड लावलं तर तो उलटून येतो. जाड लाकडावरूनही येतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पत्रा वरची कड पुढे आणि खालची मागे अशी ४५ अंशात पेटीत बसवा, म्हणजे आदळलेला छर्रा खालच्या तळाशी पडतो. पत्र्यापुढे जुन्या बारदान्याचे दोन-तीन पदर सैल टांगा. घट्ट ताणू नका, सैल कापडच वेग खातं. वणी, घुग्घूस, बल्लारपूरकडे खाणीच्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे भंगारात मिळाले तर तेही असेच लोंबते ठेवा. पेटी ४० बाय ४० सेंटिमीटरची करा. नवा माणूस १७ सेंटिमीटरच्या टार्गेटच्या बाहेरही मारतो, म्हणून पेटीमागच्या भिंतीवरही पोत्यांचा पडदा असू द्या.

टार्गेटवर १५०० लक्स उजेड हवा. मोबाईलवरच्या लक्स मोजायच्या ॲपने अंदाज येतो. एक चांगला एलईडी दिवा टार्गेटच्या वर, पुढे साठ-सत्तर सेंटिमीटरवर, नेमबाजाकडून पत्र्याच्या तुकड्याने झाकलेला, असा बसवला की काम होतं. दिवा डोळ्यात आला तर पुढची साइट, म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण, धुरकट दिसते आणि दोष पिस्तुलाला जातो. लाइन जाते, व्होल्टेज पडतं, म्हणून हा एक दिवा इन्व्हर्टरवर घ्या.

दार टार्गेटच्या बाजूला असेल तर ते आतून कडी लावून बंद. बाहेर लाल फडकं. पिस्तूल खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण, हवा, आणि त्याचं टोक नळीच्या तोंडातून बाहेर दिसायला हवं. त्यासाठी गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन दोरी मिळते, पंधरा रुपयांचा तुकडा दोन वर्षं जातो.

टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी उभं राहणं शक्य नाही. सकाळी सहा ते आठ. कूलर लावायचा तर पाठीमागून आणि लांब. समोरून झोत आला तर टार्गेटचा कागद हलतो आणि ओल्या हवेने ग्रिप निसरडी होते.

पिस्तूल

नवं विदेशी पिस्तूल लाखाच्या वर जातं. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी या सगळ्यांची चांगली पिस्तुलं तुमच्यापेक्षा सरळ मारतात. त्यांच्यात फरक आहे, पण पहिली दोन-तीन वर्षं तो फरक तुमच्या हाताच्या फरकात बुडून जातो. सध्याचा कल इलेक्ट्रॉनिक ट्रिगरकडे आहे. तो स्वच्छ सुटतो हे खरंच. मात्र बॅटरी आणि सर्किट आलं, आणि गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या माणसाला दुरुस्तीसाठी पिस्तूल मोठ्या शहरात पाठवून आठवडेच्या आठवडे बसावं लागतं. जवळ दुरुस्ती करणारा नसेल तर मेकॅनिकल ट्रिगरचंच घ्या.

जुनं घेताना रंग बघू नका. आधी सिलेंडरवरची, म्हणजे छर्रा ढकलणारी दाबाची हवा भरायच्या नळकांड्यावरची, तारीख बघा. उत्पादनापासून दहा वर्षांची मुदत असते, ती संपलेला सिलेंडर स्पर्धेच्या तपासणीत अडतो आणि नवा घ्यावा लागतो, हे किमतीतून वजा करून बोला. मग सिलेंडर भरून, काढून, पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह गळतोय. परत बसवून रात्रभर ठेवा, मीटरचा काटा जिथे होता तिथेच हवा. पिस्तुलाचं तोंड, नळीची शेवटची कड, भिंगाखाली बघा: तिथे बारीकशी जरी ठेच लागलेली असेल तर छर्रा दर वेळी वाकडा निघतो आणि ते कोणत्याही साइटने सुटत नाही. ग्रिप डावरी की उजवी, मापाची की नाही हेही विचारा, कारण विकणारा आपणहून सांगत नाही.

पिस्तुलाचं सगळं सामान धरून वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. साइट फक्त उघडी. हल्ली दुसऱ्या नेमबाजी प्रकारांत लाल ठिपक्याच्या साइटची लाट आहे, तिचं दहा मीटर पिस्तुलात काही काम नाही, चालतच नाही. तेवढ्यासाठी कोणी 'अपग्रेड' म्हणून विकत असेल तर हसून निघून या.

ग्रिप

इथे वेळ द्या, कारण गुण इथेच सांडतात. हिशेब साधा आहे. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिलिमीटरने मोठं. छर्रा वर्तुळाला टेकला की वरचा गुण मिळतो, म्हणून छर्र्याचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडलं तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ. हात सबंध सात मिलिमीटर सरकला, पण दोन्ही साइट एकमेकींशी सरळ राहिल्या, तर दहाच. उलट हात स्थिर आहे पण पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, आणि दोन साइटमधलं अंतर ३४ सेंटिमीटर आहे, तर दहा मीटरवर ती चूक २९ मिलिमीटर होते. थेट सात. मनगटाची ही एक मिलिमीटरची चूक चुकीची ग्रिप घडवते.

तपासणी अशी: डोळे मिटा, पिस्तूल सवयीने उचला, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध आणि वरची कड सारखी दिसली पाहिजे. दहा वेळा करा. आठ वेळा एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ग्रिप फिरवायची आहे. बऱ्याच पिस्तुलांत त्यासाठी ॲलन की चे स्क्रू असतात, ते पाव फेरीने फिरवा आणि परत दहा वेळा तपासा. मनगट वाकवून दुरुस्ती करत बसू नका, साठाव्या शॉटला मनगट विसरतं.

स्क्रू पुरले नाहीत तर एम-सील. तळव्याला खडूची भुकटी चोळून ग्रिप नेहमीच्या ताकदीने धरा आणि सोडा. जिथे पांढरं उमटलं नाही तिथे पोकळी आहे. त्या जागी लाकूड कानशीने खरबरीत करा, गुळगुळीत लाकडावर लावलेलं पावसाळ्यात खपलीसारखं निघतं. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा, पोकळीत थापा, वर पातळ प्लास्टिक ठेवून ग्रिप धरा आणि हात न हलवता सोडा. एका दिवसात थोडंच, सुपारीएवढं. दुसऱ्या दिवशी ८० नंबरच्या, मग १२० च्या पॉलिश पेपरने घासा. गुळगुळीत करू नका, घामट हातात तेच सुटतं. हे काम पावसाळ्यात नको. अक्रोडाचं लाकूड ओलीने फुगतं आणि तेव्हा बसवलेली ग्रिप दिवाळीनंतर सैल लागते.

दोन ठिकाणी लोक चुकतात. ट्रिगरचं बोट ग्रिपला टेकलं की ट्रिगर ओढताना पिस्तूल बाजूला ढकललं जातं, म्हणून तिथे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. आणि तळहाताखालची पट्टी, जिच्यावर हाताची कड टेकते, ती वर वळवून हात घट्ट कुलूपबंद करायचा मोह होतो. ग्रिपशी तिचा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी झाला किंवा ग्रिपने हाताच्या मागच्या बाजूला कवळ घातली तर नियमबाह्य. एम-सीलच्या थरांनी पिस्तूल ५० मिलिमीटरपेक्षा रुंद झालंय का, तेही पट्टीने मोजा. थ्रीडी प्रिंटरवर ग्रिप करून देणारे आता शहरात आहेत. प्लास्टिक ओलीने फुगत नाही, हा आपल्याकडे मोठाच फायदा; मात्र तिथेही हाताचं माप आणि ही चाचणी चुकत नाही.

ट्रिगर

ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅम जोर लागायला हवा. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं शिक्का मारलेलं वजन तारेच्या आकड्याला बांधा, पिस्तूल हवा भरून चढवलेलं, नळी आकाशाकडे सरळ वर, आकडा ट्रिगरच्या मधोमध. हळू उचला. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. आकड्याचं वजन काही ग्रॅम असतं, ते सोडूनही १०-२० ग्रॅम राखून लावा. अगदी ५०० वर लावलेला ट्रिगर उन्हाळ्यात किंवा धुळीने ४९५ ला सुटतो आणि तपासणीवाला ऐकत नाही. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो; एकूण वजनातलं साडेतीनशे-चारशे ग्रॅम पहिल्या टप्प्यात ठेवा. दुसऱ्या टप्प्याला शे-दीडशे उरलं की बोटाला भिंत लागते आणि ती हलकेच पडते. पहिला टप्पा फार हलका ठेवला तर दुसरा जड वाटतो आणि माणूस हिसका देतो. उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे खाली-डावीकडे साचायला लागले की साइट फिरवायच्या आधी हे बघा.

मग रिकामं चालवणं, ड्राय फायरिंग. स्पर्धेच्या पिस्तुलात त्याची वेगळी सोय असते, हवा जात नाही, झीज होत नाही. पांढऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं: नजर फक्त पुढच्या साइटवर, ट्रिगर सुटताना ती हलली का एवढंच बघायचं. यासाठी हजारोंची लेझर-सेन्सरची यंत्रं विकली जातात. ती चांगली आहेत, आणि राज्य पातळीवर पोचेपर्यंत अनावश्यक आहेत.

हवा

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर सिलेंडर भरता येईल का, हा पहिला प्रश्न असतो. नाही. तिथे आठ-दहा बार दाब मिळतो आणि आपल्याला २०० बार हवा. दुसरा प्रश्न जीवघेणा आहे: वेल्डिंगवाल्याचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन. कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन ग्रीसच्या जरा संपर्कात आला तरी पेट घेतो आणि हातातच स्फोट होतो. फक्त कोरडी हवा.

सोय दोन प्रकारची. पाणबुडे वापरतात तसा १२ लिटरचा मोठा सिलेंडर, जो शहरातून भरून आणावा लागतो. पाच-सहा जण मिळून घेतला तर परवडतो. किंवा हातपंप. हातपंपाने २०० बार होतो, पण घाम निघतो, आणि पावसाळी हवेतलं पाणीही आत जातं. पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावा, सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त सलग मारू नका, पंप हाताला गरम लागला की थांबा, आणि दर वेळी हवा सोडायचा स्क्रू उघडून साचलेलं पाणी बाहेर काढा. ओ-रिंगला (जोडावरच्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसचा हात, दुसरं कोणतंही तेल नाही.

मोठ्या सिलेंडरमधून भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा. पटकन भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. उलटंही होतं: सावलीत २०० भरलेला सिलेंडर उन्हातल्या गाडीत, जिथे पासष्ट अंशांपर्यंत तापतं, २२५ च्या वर जातो. उन्हाळ्यात १८० च भरा आणि पेटी उन्हातल्या गाडीत सोडू नका, सावलीत ठेवा.

छर्रे आणि हात धुणं

चपट्या डोक्याचे, ४.५ मिलिमीटरचे मॅच छर्रे. पिस्तुलासाठी ०.४५ किंवा ०.५३ ग्रॅमचे. डब्यावर ४.४९, ४.५० असा डोक्याचा आकार असतो, आणि एकाच कंपनीचा वेगवेगळा आकार तुमच्या नळीला वेगळा लागतो. टेबलावर वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून प्रत्येक आकाराचे पाच-पाच छर्रे मारा. पाच छर्र्यांचं एकच फाटलेलं भोक दहाच्या वर्तुळात आरामात मावलं तर तो आकार तुमचा. त्याच बॅचचे चार-पाच डबे एकदम घ्या. एका डब्यात ५०० असतात, आठवड्याला चार दिवस साठ शॉट म्हणजे महिन्याला दोन डबे. सरावाला स्वस्त, स्पर्धेला महाग असं करणारे आहेत, त्यांना स्पर्धेच्या सकाळी साइट परत लावावी लागते.

हे शिसं आहे. छर्रे तोंडात धरू नका, आणि त्याच हाताने खर्रा तर अजिबात नको. साबणाने हात धुवून मगच पाणी, चहा. पेटीतला चुरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

उरलेलं

चाळिशीनंतर पुढची साइट पुसट दिसते. दूरच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ वाढवून एक साधा चष्मा करून घ्या. नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे चष्म्यावर तीन सेंटिमीटर रुंद पांढरट टेप चिकटवा, तेवढीच रुंदी नियमात बसते. बूट घोट्याच्या खालचे, पातळ सपाट तळाचे. जाड मऊ फोमच्या धावायच्या बुटांपेक्षा शाळेचे पीटी शूज बरे. जाकीट नको, ते रायफलवाल्यांचं. पिस्तुलाच्या हातात घड्याळ, कडं, मनगटपट्टा काहीच चालत नाही. टिनाच्या शेडमध्ये आवाज घुमतो, कानात फोमचे बोळे.

शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, मोठ्यांना जिल्हा रायफल असोसिएशनमार्फत राज्य संघटनेच्या स्पर्धांत उतरावं लागतं. नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी येणाऱ्यांनी कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं हे आधी विचारावं, पिस्तूल घेतल्यावर नाही.

स्पर्धा साठ शॉटची, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर एक तास पंधरा मिनिटं, त्याआधी तयारी आणि सायटिंगला (नेम जुळवायच्या शॉटना) पंधरा मिनिटं. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मधेच बिघाड झाला, वेळ गेला आणि ५७५ वर अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पिशवीत म्हणून दुसरा भरलेला सिलेंडर, ओ-रिंगची जोडी, ॲलन की, बॅटरी असेल तर नवी बॅटरी, कोरडा टॉवेल, सेफ्टी फ्लॅग, ओळखपत्र आणि पिस्तुलाचं बिल. साइटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावून घ्या, एसटीच्या हादऱ्यांनी तो हलला तर लगेच दिसतो. पहाटेच्या गाडीवर अवलंबून राहू नका, आदल्या संध्याकाळी पोचा, उपकरण तपासणीची रांग सकाळी लांब असते.